मामांचे ऑपरेशन त्याच रात्री, आणि आईंना दहा दिवसांनंतरची तारीख: असे का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: “माझ्या आईचे वय ५६. महिन्यापूर्वी तिचा उजवा हात आणि चेहऱ्याची उजवी बाजू दोन मिनिटे उडत राहिली आणि त्यानंतर अर्धा तास तिला बोलता येईना. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात चार सेंटिमीटरची गाठ दिसली. ती बहुधा कर्करोगाची असावी असे सांगूनही डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दहा दिवसांनंतरची दिली. त्याच आठवड्यात मामांच्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली. ती साधी आहे असे सांगितले, आणि तरी त्यांना त्याच रात्री ऑपरेशनला घेतले. हे उलटे नाही का? शेजारच्या काकांची मेंदूची गाठ काढून बारा वर्षे झाली, ते ठणठणीत आहेत; मग आईच्या बाबतीत डॉक्टर तसा भरवसा का देत नाहीत? आणि हे सगळे आईला सांगावे का?”

फिल्म प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी कोणत्याही उपचाराची शिफारस करणार नाही, पण तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून दोन्ही डॉक्टरांचे निर्णय मला बरोबर वाटतात. शरीरात इतरत्र गाठ झाली की पहिला प्रश्न “साधी की कर्करोगाची” हा असतो. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या बाबतीत मात्र “कुठे आहे आणि तिथे किती जागा उरली आहे” हा प्रश्न त्याच्या आधी विचारावा लागतो, कारण हे दोन्ही अवयव हाडाच्या बंद पेटीत ठेवलेले आहेत आणि ती पेटी ताणली जात नाही.

आधी मामांचे पाहू, कारण ते समजले की आईंचे समजणे सोपे जाईल. मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो. तो कवटीच्या तळापासून निघून कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो. हातापायांकडे जाणारे सगळे आदेश, त्यांच्याकडून येणारी सगळी जाणीव, लघवी आणि शौचावरचा ताबा हे सर्व त्या करंगळीतून जाते. छातीच्या पातळीवर मणक्यांच्या नळीत मोकळी जागा सर्वात कमी असते. तिथे मज्जातंतूच्या आवरणातून श्वानोमा किंवा मेंदूच्या पडद्यासारख्या आवरणातून मेनिंजिओमा वाढू लागला, तर तो वर्षाला एखाद-दोन मिलिमीटरने वाढतो आणि मज्जारज्जू मुकाट्याने बाजूला सरत, चपटा होत जातो. रुग्णाला पाठीत दुखते, विशेषतः रात्री आडवे झाल्यावर. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. मग एक दिवस चप्पल पायातून निसटते आणि ती निसटल्याचे कळतसुद्धा नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांत “चप्पल राहत नाही” ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की चालत आत येणाऱ्या माणसाच्या पायांकडे बघण्याची मला सवयच लागली आहे. बहुतेकांनी तोवर ते वयाचे किंवा गुडघ्यांचे दुखणे समजून सहा महिने अंगावर काढलेले असते.

मामांना भिंत धरून चालावे लागत होते आणि आदल्या दिवशी लघवी तुंबली होती, असे तुम्ही पुढे लिहिले आहे. मज्जारज्जूची सहनशक्ती संपल्याची ती खूण आहे. या टप्प्यावर गाठ साधी आहे की नाही याला महत्त्व उरत नाही. पाय पूर्ण लुळे पडण्याआधी दाब काढला तर माणूस बहुधा चालत घरी जातो, आणि लुळे पडून दिवस उलटले तर गाठ पूर्ण निघूनही पाय परत येतीलच असे नाही. म्हणून ते ऑपरेशन रात्री झाले. मणक्याची मागची कमान काढून, आवरण उघडून गाठ दिसू लागते, तेव्हा तिच्याखाली मज्जारज्जू अक्षरशः नाडीसारखा चपटा झालेला असतो. आधी गाठीचा आतला भाग पोखरून काढायचा आणि मग तिची भिंत मज्जारज्जूपासून दूर ओढायची, मज्जारज्जू गाठीपासून ओढायचा नाही, हा क्रम मोडला की घात होतो. शेवटचा तुकडा सुटला की काही मिनिटांत तो चपटा मज्जारज्जू पुन्हा किंचित गोल होऊ लागतो आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर हलताना दिसतो. छत्तीस वर्षे हे काम करूनही त्या क्षणी मी हात थांबवून बघतो.

सगळ्या मज्जारज्जूच्या गाठी अशा सोप्या नसतात. एपेन्डिमोमा किंवा अ‍ॅस्ट्रोसायटोमा या गाठी मज्जारज्जूच्या आतच उगवतात, आणि तिथे पोहोचण्यासाठी मज्जारज्जू मधोमध उभा छेदावा लागतो. एपेन्डिमोमाला बहुधा स्पष्ट कड असते, त्यामुळे तो संपूर्ण निघू शकतो. अ‍ॅस्ट्रोसायटोमा आजूबाजूच्या पेशींत मिसळलेला असतो आणि तिथे थोड्यावर समाधान मानण्यातच शहाणपण असते. तिसरा आणि संख्येने मोठा गट म्हणजे स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट अशा ठिकाणच्या कर्करोगाने मणक्यात केलेला शिरकाव. अशा रुग्णांत मज्जारज्जूवर एका ठिकाणी दाब असताना आधी ऑपरेशन करून मग रेडिएशन द्यावे की नुसते रेडिएशन द्यावे, यावर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचारानंतर चालू शकणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ८४ टक्के आणि ५७ टक्के आले, आणि तेव्हापासून निवडक रुग्णांत ऑपरेशनकडे कल वाढला. आपल्याकडे मात्र मणका खराब दिसला की मणक्याचा क्षय आधी मनात आणावाच लागतो. त्यावर उपचार वेगळे आहेत आणि तो पूर्ण बरा होतो, त्यामुळे तुकडा तपासल्याशिवाय कर्करोगाचे लेबल लावण्याची घाई करू नये.

आता आईंकडे वळू. कवटीत साधारण १,४०० ग्रॅमचा मेंदू, मेंदूच्या आत-बाहेर फिरणारे सुमारे १५० मिलिलिटर पाणी आणि रक्त एवढेच मावते. गाठ वाढू लागली की आधी पाणी आणि शिरांतील रक्त जागा सोडते, म्हणून बराच काळ काहीच जाणवत नाही. ही सोय संपली की मग थोड्याशा वाढीनेही आतला दाब झपाट्याने चढतो. पहाटे उठताना डोके दुखणे, मळमळ न होता उलटी, दृष्टी अंधुक होणे आणि शेवटी गुंगी ही त्या दाबाची भाषा. आईंना यातले काही नव्हते. त्यांना झाली ती एका भागाची फीट, आणि गाठीने मेंदूच्या हात, चेहरा व वाचेच्या केंद्रांना डिवचल्याचे तिने पत्ता देऊन सांगितले. दाबाचा धोका या घडीला हाताबाहेर नसल्याने फीट थांबवणारे औषध, बहुधा लेव्हेटिरॅसिटॅम, आणि सूज उतरवणारे डेक्सामेथासोन सुरू करून तयारीला वेळ घेणे शक्य झाले. गाठ लहान मेंदूत असती आणि पाण्याची वाट अडवत असती, तर आईंनाही त्याच रात्री आत घेतले असते. लहान मुलांतल्या मेड्युलोब्लास्टोमात, म्हणजे लहान मेंदूतल्या कर्करोगी गाठीत, असे वारंवार होते.

डेक्सामेथासोनबद्दल इथे एक सूचना, कारण ऑपरेशनआधीची सर्वात मोठी चूक मी इथेच होताना पाहतो. या गोळ्यांनी एक-दोन दिवसांत रुग्ण इतका सुधारतो की घरच्यांना गाठ विरघळल्यासारखे वाटते. उतरलेली असते ती गाठीभोवतीची सूज. माझ्या एका रुग्णाची साखर या गोळ्यांमुळे वाढली, म्हणून गावी कोणीतरी त्या एकदम बंद करायला सांगितल्या आणि चौथ्या दिवशी तो गुंगीत परत आला. साखर वाढली तर साखरेवर उपचार करावेत. डेक्सामेथासोन कमी करायचे ते टप्प्याटप्प्याने आणि देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. याला एकच ठळक अपवाद आहे: मेंदूतील लिम्फोमाची, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाची, शंका असेल आणि रुग्णाची स्थिती परवानगी देत असेल, तर तुकडा घेईपर्यंत आम्ही हे औषध टाळतो, कारण त्याने लिम्फोमाच्या पेशी खरोखरच विरून जातात आणि तपासणीत काही सापडत नाही.

दहा दिवसांतील दुसरे काम म्हणजे ही गाठ खरोखर काय असू शकते याचा अंदाज पक्का करणे. शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये कडा उजळणारे वर्तुळ दिसले की रिपोर्टमध्ये “हाय ग्रेड ग्लायोमा” असे लिहून येते, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींपासून झालेली, वेगाने वाढणारी कर्करोगी गाठ. पण तसेच वर्तुळ ट्युबरक्युलोमा म्हणजे क्षयाच्या गाठीचे, न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणजे मेंदूतल्या पट्टकृमीच्या अळीचे, पू साचल्याचे किंवा फुप्फुसातून आलेल्या कर्करोगाच्या बीजाचेही असू शकते. प्रौढांत मेंदूतल्या कर्करोगी गाठींपैकी मोठा वाटा बाहेरून आलेल्यांचाच असतो. म्हणूनच आईंच्या छाती-पोटाचा सीटी स्कॅन सांगितला असेल. तो खर्च वाढवण्यासाठी नाही. जगातला पहिला सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये झाला तो मेंदूतल्या गाठीच्या संशयावरूनच. त्याआधीचे सर्जन, कोणता हात उडतो आणि कोणता शब्द अडतो एवढ्यावरून गाठीचा पत्ता काढत असत, आणि आजही फिल्म लावण्याआधी तो पत्ता मनात काढून पाहावा असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

ऑपरेशनचा हेतू तीन पदरी असतो: तपासणीसाठी पुरेसा तुकडा मिळवणे, दाब कमी करणे, आणि रुग्णाची वाचा व हातपाय शाबूत ठेवून जितकी निघेल तितकी गाठ काढणे. ग्लायोमा कर्करोगाचा असला तरी मेंदूबाहेर क्वचितच पसरतो. अडचण ही की त्याला कड नसते, दिसणाऱ्या गाठीच्या पलीकडेही त्याच्या पेशी शिरलेल्या असतात. त्यामुळे “मुळासकट काढा” ही विनंती मला कितीही समजत असली तरी ती पुरी करता येत नाही. गाठ वाचेच्या केंद्राजवळ असल्याने आईंचे ऑपरेशन जागेपणी करण्याचा विचार डॉक्टर करत असतील. हे ऐकून घरचे हादरतात. डोक्याच्या त्वचेला भूल दिलेली असते आणि मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे रुग्ण जागा राहून बोलू शकतो. बारीक विद्युतप्रवाहाची कांडी मेंदूच्या पृष्ठभागावर टेकवत रुग्णाला चित्रे दाखवली जातात. माझ्या एका रुग्ण शिक्षिकेने जाते, कंदील, उखळ भराभर ओळखले, बैलगाडीच्या चित्रावर मात्र “हे… हे…” करून त्या थांबल्या, कांडी उचलताच “बैलगाडी!” म्हणाल्या आणि वर “मला माहीत होतं हो” असेही म्हणाल्या. तेवढी जागा आम्ही सोडली आणि तिथली गाठ तशीच ठेवली. पूर्वी आम्ही परदेशी चित्रांचा संच वापरत असू. त्यातल्या बर्फाच्या घरावर आमचे रुग्ण अडत, आणि दोष मेंदूचा की चित्राचा तेच कळेना, म्हणून आम्ही आपली चित्रे काढून घेतली. आई दोन भाषा बोलत असतील तर तसे आवर्जून सांगा. दोन्ही भाषांच्या जागा काही अंशी वेगळ्या असू शकतात आणि दोन्ही तपासाव्या लागतात. गाठ फार खोल असेल किंवा प्रकृती साथ देत नसेल, तर सुईने तुकडा घेऊन थांबणे हाही पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असू शकतो.

आता तुमच्या शेजारच्या काकांविषयी. “ब्रेन ट्यूमर” हे शंभराहून अधिक आजारांचे एकच आडनाव आहे. काकांना मेनिंजिओमा असेल तर तो मेंदूचा नव्हे, मेंदूच्या पडद्याचा होता. अशा गाठी बहुतांशी पहिल्या दर्जाच्या, म्हणजे एक ते चार या दर्जांपैकी सर्वात संथ, असतात, आणि पडद्याच्या पायथ्यासह पूर्ण निघाल्या तर बहुतेकांना पुन्हा त्रास देत नाहीत. पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची गाठ असेल तर ती नाकावाटे निघते, आणि तिचा प्रोलॅक्टिनोमा हा प्रकार तर बहुतेकांत कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आटोक्यात राहतो. पण हीच “साधी” मेनिंजिओमा कवटीच्या तळाशी नसा आणि रक्तवाहिन्यांना वेढून बसली, तर ती काढणे माझ्या कामातले सर्वात कठीण काम ठरते. काकांना ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा असू शकतो, जो ग्लायोमाच असूनही रेडिएशन आणि केमोला चांगली दाद देतो आणि ज्याचे रुग्ण दहा-पंधरा वर्षे सहज काढतात.

हा फरक ओळखण्याची रीत गेल्या काही वर्षांत पार बदलली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार नुसत्या सूक्ष्मदर्शकावर भागत नाही. गाठीतील जनुकीय बदल पाहावेच लागतात. आयडीएच जनुकात बदल असेल तर गाठ तुलनेने संथ असते. त्याच्या जोडीला गुणसूत्र १ आणि १९ यांचे ठराविक तुकडे गळालेले असतील तर तो ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा. आयडीएचमध्ये बदल नसेल आणि गाठ चौथ्या दर्जाची असेल तर ग्लायोब्लास्टोमा, जो सर्वात आक्रमक. तुमच्या आईंच्या वयात शंका त्याचीच अधिक असते, म्हणून डॉक्टर आकडा सांगायला कचरत आहेत. हा रिपोर्ट हातात येईपर्यंत सांगितलेला कोणताही आकडा अंदाजच ठरेल. तो यायला दोन-तीन आठवडे लागतात. ऑपरेशननंतर तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्स तुमच्या हक्काच्या आहेत. दुसरे मत घ्यायचे असेल तर सीडीतला एमआरआय आणि हे ब्लॉक घेऊन परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या ठिकाणी जाता येते, आईंना सोबत फरपटत नेण्याची पहिल्या खेपेला गरज नसते.

समजा रिपोर्ट ग्लायोब्लास्टोमाचा आला. मग जखम भरल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू होते: एकूण ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचे माप), ३० भागांत, आठवड्यातले पाच दिवस असे सहा आठवडे. चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा लावून दहा-पंधरा मिनिटे निश्चल पडून राहायचे असते. दुखत काहीच नाही, थकवा मात्र चौथ्या आठवड्यापासून चांगलाच येतो. सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची कॅप्सूल रोज उपाशीपोटी, आणि रेडिएशन संपल्यावर दर २८ दिवसांतून पाच दिवस, अशा सहा फेऱ्या. प्लेटलेट घसरतात, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. या पद्धतीचा पाया असलेला अभ्यास २००५ सालचा, ५७३ रुग्णांचा. नुसत्या रेडिएशनने निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपलीकडे जगले, टेमोझोलोमाइड जोडल्यावर १४.६ महिन्यांपलीकडे. फरक लहान वाटतो, पण दोन वर्षांनी हयात असणारे सुमारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेले. एमजीएमटी नावाचे दुरुस्तीचे जनुक ज्यांच्या गाठीत मिटलेले असते, त्यांना या औषधाचा फायदा अधिक होतो. म्हणून ती तपासणी मागून घ्या. रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसली तरी तो कधी कधी उपचाराचाच परिणाम असतो, तेव्हा त्या एका फिल्मवरून उपचार सोडू नयेत. दुसऱ्या दर्जाच्या आयडीएच बदल असलेल्या गाठींसाठी व्होरासिडेनिब या गोळीला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे. ग्लायोब्लास्टोमासाठी ती नाही.

“चिरफाड न करता गामा नाइफने होणार नाही का” आणि “प्रोटॉन घ्यावे का” हे प्रश्न पुढे येतीलच. गामा नाइफ म्हणजे चिरफाड न करता एका जागी एकवटलेले रेडिएशन, ते लहान, नेटक्या कडांच्या गाठींसाठी उत्तम, साधारण तीन सेंटिमीटरपर्यंत. प्रोटॉन हा रेडिएशनचाच एक प्रकार, २०२३ पासून खारघरच्या टाटा केंद्रात उपलब्ध आहे आणि त्याचा खरा लाभ वाढत्या वयाच्या मुलांना व कवटीच्या तळाच्या काही गाठींना होतो. आईंच्या चार सेंटिमीटरच्या, कड नसलेल्या गाठीला पहिला उपाय म्हणून दोन्ही लागू नाहीत. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन आणि रेडिएशन बसते का ते भरती होण्याआधी विचारा. नंतर कागद जुळवणे जिकिरीचे होते. राहिली मोबाइलची शंका: मोबाइलमुळे गाठ झाली असे ठरवण्यासारखा पुरावा नाही. आई आणि मामा भाऊ-बहीण असले तरी दोघांच्या गाठी वेगळ्या जातीच्या दिसतात. मामांच्या कानांच्या नसांवर किंवा त्वचेखाली आनुवंशिक आजार सुचवणाऱ्या आणखी गाठी नसतील, तर हा योगायोगच मानावा.

आईंना सांगावे का, याचे माझे उत्तर होकारार्थी आहे, आणि जागेपणी ऑपरेशन करायचे असेल तर न सांगून चालणारही नाही, कारण टेबलावर त्यांनीच आम्हाला मदत करायची असते. सगळे एकदम सांगू नये. त्यांना काय जाणून घ्यायचे आहे ते आधी विचारावे. माझ्या खोलीत नेहमी घडते ते असे, की मुले आईच्या खुर्चीमागे उभी राहून मला डोळ्यांनी गप्प राहण्याची खूण करतात, आणि मग आई मुलाला पाण्याची बाटली आणायला बाहेर पाठवते, दार लागेपर्यंत थांबते आणि मला सरळ विचारते. पुढच्या भेटीत तुमच्या आईंनी पाणी मागितले, तर परत यायला जरा वेळ लावा.